उघड्या गाडीला उन्हाळ्यात एसी हवा का?

जुन्या मोटारींची चित्रे असलेले एखादे पुस्तक वर्गात नेले, तर मुलांचे डोळे एका प्रकारच्या गाडीवर हमखास खिळतात. ठेंगणी, दोन माणसांपुरती, छप्पर नसलेली, पुढे लांबलचक बॉनेट असलेली स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडमध्ये १९४५ मध्ये बाजारात आलेली एमजी टीसी ही त्यातली एक नावाजलेली गाडी. आपल्याकडे गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची अशीच दोन आसनी उघडी गाडी तयार झाली होती. चित्र पाहता पाहता एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, हिला तर एसी नाही. मग उन्हाळ्यात ही चालवायची कशी?" दुसरा लगेच उत्तर देतो, "वेडा आहेस का? उघडीच आहे. धावायला लागली की वारा लागतो. एसी कशाला?"

दोघांपैकी बरोबर कोण? गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. मुलचेऱ्याच्या रस्त्यावर एमजी दिसणार नाही, पण तिची एक कष्टाळू चुलत बहीण आपल्या चांगल्या ओळखीची आहे. ती म्हणजे उघडी जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे जंगलखाते, ठेकेदार, सर्वेक्षणाची पथके यांच्याबरोबर त्या या भागात सर्वदूर पोहोचल्या. एमजी टीसीचे इंजिन सुमारे ५४ अश्वशक्तीचे, तर विलीज जीपचे सुमारे ६०. दोन्हींना वर फार तर कॅनव्हासचे हूड, दोन्हींत इंजिनाची धग पायांना लागते, आणि एसी दोन्हींत नाही. तेव्हा उघडी स्पोर्ट्‌स कार मे महिन्यात दुपारी मुलचेऱ्याहून आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडून गोंडपिपरी, बल्लारपूरमार्गे चंद्रपूरला निघाली आहे असे समजू आणि आत बसलेल्या माणसाच्या उष्णतेचा हिशेब मांडू. तोच हिशेब जीपला, टेम्पोच्या हौद्याला, तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे नेणाऱ्या ट्रकला आणि मोटारसायकललाही लागू पडेल.

शरीराचे जमाखर्चाचे खाते

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. उन्हाळ्यात कातडीचे तापमान त्याहून थोडे कमी, म्हणजे ३५ अंशांच्या जवळपास असते. ३५ हा आकडा लक्षात ठेवावा. पुढचा सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. नुसते बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या विजेच्या दिव्याएवढी. जड स्टिअरिंग फिरवत, क्लच दाबत जुनी गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत ती १५० वॅट धरू. ही पहिली जमा.

दुसरी जमा सूर्याची. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट प्रारण पडते. डोक्यावर आलेल्या सूर्याला बसलेल्या माणसाचा साधारण पाव ते तृतीयांश चौरस मीटर भाग दिसतो आणि त्यावर पडणाऱ्या प्रारणाचा काही भाग परावर्तित होतो. म्हणून ही जमा अंदाजे २०० वॅट मानू.

तिसरी बाब वाऱ्याची. ती जमेलाही पडते आणि खर्चालाही. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. हवा ३५ अंशांहून थंड असेल तर वारा कातडीवरून उष्णता घेऊन जातो. हवा ३५ अंशांहून गरम असेल तर तोच वारा उष्णता आणून देतो. वाऱ्याचा वेग जितका जास्त, तितकी ही देवघेव वेगाने होते.

चौथी बाब घामाची. ती मात्र फक्त खर्चाची आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला, कातडीच्या तापमानाला, सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. हीच बाष्पीभवनाची सुप्त उष्णता, शालेय पुस्तकातला अप्रकट उष्मा. घाम वाळताना ही उष्णता कातडीकडून घेतो. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकून गेलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच थंडावा देत नाही.

वारा लागतो, पण कसला?

चंद्रपूर आणि परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. काही वर्षी तो ४८ अंशांपर्यंतही गेला आहे. आपल्या हिशेबासाठी ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरू. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे. पुढच्या काचेचा थोडा आडोसा मिळतो, म्हणून अंगावर येणारा वारा सेकंदाला ४ मीटर मानू.

हवा कातडीपेक्षा १० अंश गरम आहे. म्हणजे वाऱ्याची नोंद जमेला पडणार. गाडी उभी असती आणि वारा नसता, तर या मार्गाने शरीराला सुमारे ६० वॅट मिळाले असते. धावत्या गाडीत मात्र सुमारे ३०० वॅट मिळतात. म्हणजे गाडी सुरू झाल्यावर हवेकडून अंगात येणारी उष्णता सुमारे पाचपट झाली! "वारा लागतो, मग एसी कशाला" म्हणणारा विद्यार्थी इथे अडचणीत येतो. आपल्याकडची माणसे डोक्याला, कानांना दुपट्टा घट्ट गुंडाळूनच दुपारी बाहेर पडतात, ते गार वारा अडवण्यासाठी नव्हे, गरम वारा अडवण्यासाठी. तो अनुभवातून आलेला शहाणपणा आहे आणि हिशेब त्याला दुजोरा देतो.

आता एकूण जमा पाहू. शरीराची १५०, सूर्याची २०० आणि वाऱ्याची ३००, मिळून ६५० वॅट. ही सगळी उष्णता घामाने बाहेर टाकायची आहे. ६५० वॅट म्हणजे सेकंदाला ६५० ज्यूल, तासाला सुमारे २३ लाख ४० हजार ज्यूल. याला २४ लाखांनी भागले तर जवळजवळ १ किलो घाम, म्हणजे तासाला सुमारे एक लिटर पाणी.

एवढा घाम वाळेल का? वाळेल. कातडीलगतच्या ओल्या थरात वाफेचा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो, तर ४५ अंशांच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो १.४ च्या आसपास. हा फरक मोठा आहे, म्हणून घाम येताच उडून जातो. कित्येकदा घाम आल्याचे कळतही नाही, फक्त सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उरतात. म्हणूनच "मला घामच आला नाही, पाणी कशाला पिऊ" असे या भागात कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणजे उघड्या गाडीला एसी नसतो हे पूर्ण खरे नाही. चालक आणि प्रवासी स्वतःचा एसी स्वतःबरोबर घेऊन बसलेले असतात. तो चालतो पाण्यावर, आणि त्याची टाकी लहान आहे.

तीच गाडी गोव्यात

आता हीच गाडी पणजीच्या रस्त्यावर नेऊ. मे महिन्यात तिथे दुपारी ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. हवा कातडीपेक्षा २ अंशांनी थंड आहे, म्हणून धावत्या गाडीतला वारा ५०-६० वॅट उष्णता घेऊन जाईल. पण हवेतील वाफेचा दाब सुमारे ३.८ किलोपास्कल आहे. कातडीलगतच्या ५.६ शी फरक जेमतेम १.८. घाम हळू वाळतो. गाडी धावत असेल तोवर वारा वाफ वाहून नेतो आणि बरे वाटते. गाडी रहदारीत अडकली की वारा थांबतो, घाम वाळत नाही, तो टपकू लागतो आणि जीव कासावीस होतो.

चंद्रपूरच्या हवेत ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापी आपल्या गृहीत आकड्यांनुसार सुमारे २४ अंश दाखवील, तर पणजीत सुमारे २९. पणजीचा साधा तापमापी १२ अंश कमी दाखवतो, पण ओला तापमापी ५ अंश जास्त दाखवतो. विदर्भात वाळ्याच्या ताटव्यांचा कूलर एवढा चांगला का चालतो आणि कोकणात तो निरुपयोगी का ठरतो, हे या दोन आकड्यांवरून मुलांना चटकन समजते. ओल्या तापमापीच्या खाली कूलर जाऊ शकत नाही.

मात्र ओला तापमापी कमी आहे म्हणून चंद्रपूरचे ऊन सौम्य, असा अर्थ काढू नये. ओल्या तापमापीने ३५ अंश गाठले की माणूस फार वेळ तग धरू शकत नाही, असे बरीच वर्षे मानले जात होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा प्रत्यक्षात बरीच खाली आढळली. दमट हवेत ती ३० ते ३१ अंशांच्या आसपास होती. अतिशय गरम, कोरड्या हवेत तर शरीराचे तापमान ओला तापमापी २५ ते २८ अंश दाखवत असतानाच चढू लागले. कारण आपल्या हिशेबातच आहे. कोरड्या हवेत घाम वाळण्याची अडचण नसते. अडचण असते ती तेवढा घाम तयार करण्याची. बहुतेक माणसांना तासाला एक ते दीड लिटरपेक्षा जास्त घाम फार वेळ गाळता येत नाही. वृद्ध माणसे, लहान मुले आणि काही विशिष्ट औषधे घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली येते. जागतिक आरोग्य संघटनाही हवा ४० अंशांच्या वर असताना विजेचा पंखा अंगावर घेऊ नये असे सांगते. धावती उघडी गाडी हा या दृष्टीने एक मोठा पंखाच आहे.

मग एसी बसवावा का?

मोटारीत एसी देण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये आपल्या गाड्यांसाठी कारखान्यातून बसवून मिळणारा एसी जाहीर केला. त्याचा मोठा भाग डिकीत होता आणि तो बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! १९५४ मध्ये नॅश कंपनीने पुढच्या बाजूलाच मावणारी आटोपशीर यंत्रणा आणली. शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारला एसी मिळू लागला तो १९६३ च्या मॉडेलपासून, आणि त्या वर्षी फारच थोड्या ग्राहकांनी तो घेतला. स्पोर्ट्‌स कार म्हणजे हलकेपणा, आणि एसी म्हणजे वजन.

एसी थंडी निर्माण करत नाही. तो उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकतो. शीतक द्रव्य आतल्या नळ्यांत उकळते आणि आतल्या हवेतील उष्णता घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो. पुढे रेडिएटरसमोर बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. बाहेर ४५ अंश असताना उष्णता बाहेर टाकायची तर कंडेन्सरमधले शीतक ६० अंशांच्या वर असावे लागते. आजकालच्या गाड्यांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आर-१३४ए या शीतकाचा दाब त्या तापमानाला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सतरापट होतो. जुन्या यंत्रणांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला त्यापासून धोका असल्यामुळे १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार विकसनशील देशांनीही २०१० पर्यंत त्याचे उत्पादन बंद करायचे ठरले होते.

आता उघड्या गाडीत एसी लावून पाहू. दोन माणसांच्या बसण्याच्या जागेत सुमारे दीड घनमीटर हवा असते. धावत्या उघड्या गाडीत ती अंदाजे दर सेकंदाला बदलते असे धरू. ४५ अंशांच्या दीड घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.६६ किलो. ती २५ अंशांपर्यंत आणायची तर प्रत्येक किलोमागे, प्रत्येक अंशाला, सुमारे १,००० ज्यूल काढून घ्यावे लागतील. १.६६ गुणिले १,००० गुणिले २०, म्हणजे ३३,००० ज्यूल, आणि तेही दर सेकंदाला. म्हणजे ३३ किलोवॅट. मोटारीचा एसी साधारण ४ किलोवॅट उष्णता काढतो. छप्पर उघडे ठेवून एसी लावणे म्हणजे तळ फुटलेला माठ भरत बसणे.

हूड लावले, काचा चढवल्या, फटी बुजवल्या, तर ४ किलोवॅटमध्ये काम भागू शकते. पण मग ती उघडी गाडी राहत नाही, आणि सगळा भार जुन्या इंजिनावर येतो. कॉम्प्रेसर फिरवायला दोन ते चार अश्वशक्ती लागतात. ५४ अश्वशक्तीच्या गाडीला चढावर हे जाणवते. पंख्यांना लागणारी वीज जुन्या डायनामोला झेपत नाही. पण खरी अडचण रेडिएटरची आहे.

रेडिएटर बाहेर टाकतो ती उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५. हवा ४५ वर असेल तर फरक ४५, म्हणजे क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी कमी. आता रेडिएटरसमोर कंडेन्सर आला. त्याने पुढची हवा आणखी ८ अंशांनी तापवली तर फरक उरतो ३७. क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली. इंग्लंडच्या हवेसाठी बनवलेले इंजिन अशा वेळी रस्त्यात उकळते. आष्टी-गोंडपिपरीच्या दरम्यान भर दुपारी सावली नसलेल्या जागी गाडी बंद पडणे, हा एसी नसण्यापेक्षा मोठा धोका आहे.

बंद गाडीचा सापळा

बंद आणि उभ्या गाडीबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आसने आणि पत्रा तापतात, तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे आतले तापमान एका तासात सुमारे २२ अंशांनी वाढलेले दिसले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा बोटभर उघड्या ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. आपल्याकडे हवा मुळातच ४५ अंशांवर असते. एसी असलेली गाडी एसी बंद होताच सापळा बनते. लहान मूल, "दोनच मिनिटांत येतो" म्हणूनही, बंद गाडीत ठेवू नये. खेळता खेळता मुले उभ्या गाडीत शिरून अडकतात, म्हणून गाडी कुलूपबंद ठेवावी. उघड्या जीपला हा दोष नाही, ही तिची जमेची बाजू.

स्वस्तातले उपाय, आकड्यांसह

आपल्या ६५० वॅटच्या हिशेबात काय काय कमी करता येते ते पाहू. कॅनव्हासचे हूड छत्रीसारखे वर लावले तर सूर्याचे २०० वॅट ५० च्या आसपास येतात. तापलेल्या कापडाची थोडी धग उरते. पुढची काच उभी ठेवली, बाजूला पडदे लावले, अंगभर सैल सुती कपडे आणि दुपट्टा घेतला, तर अंगावरचा वारा सेकंदाला १ मीटरवर येऊ शकतो. मग वाऱ्याचे ३०० वॅट सुमारे १२५ होतात. एकूण १५०, ५० आणि १२५, म्हणजे ३२५ वॅट. बरोबर निम्मे! तासाला एक लिटरऐवजी अर्धा लिटर घाम. तीच गाडी, तीच दुपार आणि खर्च काही मीटर कापडाचा. पूर्ण वारा बंद करू नये, कारण वाफ वाहून न्यायला थोडा लागतोच.

सर्वांत मोठी बचत वेळेची आहे. सकाळी सहाला हवा ३० अंशांवर असेल तर वारा कातडीवरून सुमारे १४० वॅट घेऊन जातो. सूर्य तिरपा आणि सौम्य असतो. शरीराच्या १५० वॅटपैकी बहुतेक सगळे वारा नेतो आणि घामाची गरज नाममात्र उरते. वारा लागतो म्हणणारा विद्यार्थी सकाळी सहाला अगदी बरोबर आहे. दुपारी दोनला तो चुकतो. तेंदूपत्ता तोडायला माणसे पहाटेच जंगलात शिरतात, त्यामागेही हेच गणित आहे.

इंजिनाची धग पायांना लागत असेल तर मधल्या पत्र्यावरची भोके बुजवून, आतून काचतंतूची गादी आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉस वापरीत. ते फुप्फुसांना घातक असल्याने टाळावे. जुने अस्तर काढतानाही ते खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाते.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून लांबच्या प्रवासात मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, आंबील किंवा क्षारसंजीवनी जवळ ठेवावी. खिशातला कांदा उष्णता शोषून घेत नाही. जेवणात खाल्ला तर त्यातले पाणी तेवढे मिळते.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही थांबण्याची सूचना आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसण्याइतके गरम लागले, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा. इथे वारा उपयोगी का ठरतो? कारण कातडीवर आता बाहेरून घातलेले पाणी आहे. आटलेल्या घामाचे काम ते पाणी करते. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गासाठी तीन प्रयोग

पहिला प्रयोग. दोन सारखे तापमापी घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळावे. दोन्ही सावलीत ठेवून पंख्याचा वारा द्यावा. कोरड्या तापमापीत फरक पडत नाही, ओला उतरत जातो. "पंखा हवा थंड करतो" हा समज इथे आपोआप दूर होतो. मे महिन्यातले आणि जुलैमधले आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

दुसरा प्रयोग. एका धडधाकट मोठ्या माणसाचे वजन प्रवासापूर्वी आणि प्रवासानंतर, कमीत कमी कपड्यांवर, अंग पुसून, चांगल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करावे. वाटेत प्यायलेले पाणी मोजून ठेवावे आणि ते नेहमीप्रमाणे प्यावेच. सुरुवातीचे वजन अधिक प्यायलेले पाणी वजा शेवटचे वजन, म्हणजे गेलेला घाम. त्याला प्रवासाच्या तासांनी भागावे आणि आपल्या हिशेबाशी ताडून पाहावे. हा प्रयोग मुलांवर करू नये.

तिसरा प्रयोग. दोन सारख्या काचेच्या बरण्या उन्हात ठेवाव्यात, एक उघडी आणि एक झाकण लावलेली. दोन्हींत तापमापी ठेवून दर पाच मिनिटांनी वाचावा व आलेख काढावा. बंद गाडीचा सापळा आलेखात दिसेल.

तर मग उत्तर काय?

शौकाने जपलेल्या उघड्या स्पोर्ट्‌स कारला एसी नको. छप्पर उघडे असताना तो काम करू शकत नाही, आणि छप्पर लावून बसवला तर जुन्या इंजिनाचा रेडिएटर तोकडा पडतो. मुंबईतही जुन्या गाड्यांचे मेळावे साधारणतः थंडीच्या दिवसांत भरतात, ते सोयीचे आहे. कापड, पाणी आणि सकाळची वेळ एवढ्यावर धडधाकट माणसाचे भागते.

पण हे उत्तर धडधाकट माणसापुरतेच आहे. ज्याला तासाला अर्धा लिटर घामही गाळता येत नाही, ज्याला पाणी पोटात ठरत नाही, ज्याला सकाळपर्यंत थांबता येत नाही, त्याला हा हिशेब जमत नाही. मुलचेऱ्याहून भर दुपारी चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णालयात न्यायची बाळंतीण, तान्हे मूल, तापाने फणफणलेला म्हातारा यांच्यासाठी बंद, छप्पर असलेली, चालू स्थितीतला एसी असलेली गाडी ही चैन नाही, औषधाइतकी गरज आहे. गावात अशी गाडी कोणाकडे आहे, तिचा एसी चालतो का आणि चालकाचा दूरध्वनी क्रमांक काय, हे शाळेच्या फळ्यावर एप्रिल महिन्यातच लिहून ठेवावे. मे महिन्याच्या दुपारी ते शोधत बसायला वेळ नसतो.